शोकपत्रकं

रूसे शहरात माणूस गेला की त्याचा कागद निघतो.
फोटो, नाव, वय, चार ओळी.
तो चिकटतो दारावर, लिंडनच्या खोडावर,
बसथांब्याच्या काचेवर,
कालच्या कुणाच्या तरी कागदाशेजारी.

हे कागद छापणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात
त्स्वेतोमिरा बसते, दहा ते सात.
वय एकोणीस, पगार बेताचा, हीटर एकच,
तोही मालकाच्या पायाशी.

शाळेत समुपदेशक बाईंनी प्रश्नावली दिली होती:
रंग आवडतात का? चित्रं काढतेस का? कल्पना सुचतात का?
तिनं खरी उत्तरं लिहिली.
तिचा घोडा नेहमी स्टुलासारखा येतो.
कल्पना सुचत नाहीत. चुका दिसतात.
"तू हिशेबाकडे जा," बाई म्हणाल्या.

चुका दिसतात म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं नाही.
बेकरीची पाटी वाचता वाचता ही पाव घ्यायला विसरते.
औषधाच्या खोक्यावर 'जेवणानंतर' इतकं बारीक का,
याचा राग तिला रात्री जेवताना येतो.
आई म्हणते, "खा आधी."

डिसेंबरात मिंका आली, नवऱ्याचा फोटो घेऊन.
कुणाच्या तरी लग्नातला; खांद्यावर तिसऱ्याचाच हात.
झेल्याझ्को, बोटींच्या इंजिनांवर चाळीस वर्षं.
नाव टाइप केलं तर कोंदटलेलं,
सहा पायांचं पहिलं अक्षर शेजारच्याच्या अंगावर रेललेलं.
या लिपीला शिरोरेषा नाही.
वर दोरी बांधून अक्षरं टांगता येत नाहीत;
ज्याचा त्यानं शेजार सांभाळायचा.
तिनं केसभर सरकवलं. अजून केसभर. मग थोडं मागे.
"मेलेल्याला घाई नसते," मालक म्हणाला, "गिऱ्हाइकाला असते."
मिंका मात्र पडद्याकडे बघतच राहिली.
"आता कोटाचं बटण सोडल्यासारखा दिसतो," म्हणाली,
"घरी आला की असाच बसायचा."

झालं. त्स्वेतोमिराला पंख फुटले.
तळाशी, उजव्या कोपऱ्यात, फिकट राखाडी रंगात
तिनं दफनाची वेळ ठेवली,
इतक्या नाजूक आकड्यांत की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

शनिवारी एक म्हातारा आला. स्टामेन.
झेल्याझ्कोबरोबर एकाच बोटीवर होता म्हणे.
बसथांब्यावरून सोलून आणलेला कागद
त्यानं काउंटरवर पसरला, बोट ठेवलं.
"बाळ, हे सतराच ना?"
अकरा होते.
पाच वाजता, अंधारात, तो दफनभूमीच्या बंद फाटकाशी
फुलं घेऊन उभा होता. सहा फुलं,
मयतीला नेतात तशी सम संख्येत.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं.
मालकानं कागद उजेडात धरला.
"आकडा बरोबर आहे. आपली चूक नाही."
तिलाही तसं म्हणता आलं असतं.
वाक्य तयार होतं, तोंडापर्यंत आलंही होतं.

त्या रात्री तिनं सोमवारची तीन पत्रकं
स्वतःच्या पैशानं पुन्हा छापली.
वेळ काळी, जाड, फोटोच्या लगेच खाली.
दिसायला ओबडधोबड.
डॅन्यूबवरून वारा येत होता, खळ बोटांवरच गोठत होती.
प्रत्येक थांब्यावर ती दहा पावलं मागे गेली,
चष्मा काढला,
डोळे बारीक करून वाचलं.
एकदा वाचता आलं नाही, तर परत जाऊन कागद
दिव्याच्या बाजूला सरकवला.

चाळिसाव्याच्या आधी मिंका पुन्हा आली, तोच फोटो.
"तसंच कर. सैल."
मग जरा थांबून, "आणि वेळ मोठी."

ड्रॉवरमध्ये कलाशाळेचा अर्ज महिनाभर पडून आहे.
आज तिनं तो बाहेर काढला.
हेच क्षेत्र का निवडावंसं वाटतं, सविस्तर लिहा.
खाली उत्तराला दीड ओळ जागा.
तिनं पेनाच्या आधी
पट्टी काढली.